चारही एकदम बदलायचे

एका गावात एक भोळा गडी होता. गावाचं नाव टेंभेवाडी. बाकी सगळं गाव शहाणं होतं, त्यामुळे गावाचं काही धड चालत नव्हतं.

गड्याचं नाव भागुजी. हाक मारताना भाग्या. अंगानं बैलासारखा, ज्वारीचं पोतं काखेत मारून जिना चढायचा. सांगितलं ते करायचा आणि सांगितलं तेवढंच करायचा. एकदा सांगितलेलं वाक्य त्याच्या डोक्यात बसलं की बसलं. मग ते निघायचं नाही. लोक म्हणायचे, पोराला अक्कल नाही. सांगणाऱ्याला कितपत आहे, हे कुणी तपासलं नव्हतं. मोठ्या माणसांची तपासणी करायची त्या गावात पद्धत नव्हती.

भाग्याचा बाप गेलेला. तो आणि त्याची आई यसाबाई मामाकडे राहायचे. मामा म्हणजे रंगराव. रंगरावमामांकडे एक जुनी पांढरी पेट्रोलची मोटार होती आणि ती चालवायला भाग्या होता. पगार म्हणून मामांनी त्याला एक वाक्य दिलं होतं, "तुझं लग्न मी करून देणार." ते वाक्य खाऊन भाग्या मोटार हाकत होता.

त्यात हिंगणाळ्याच्या बाजारात त्याला कावेरी भेटली. भेटली म्हणजे काय, पिशवी हातात दिली आणि म्हणाली, "जरा धरा, आलेच." चप्पल शिवायला गेली, तिथं मावशी भेटली, आणि ती तशीच घरी गेली. संध्याकाळी पिशवी आठवली तेव्हा भावाला घेऊन परत आली. बाजार उठला होता. मोकळ्या मैदानात भाग्या पिशवी धरून उभा. आतली भेंडीसुद्धा त्यानं सावलीकडं धरली होती.

कावेरी घरी जाऊन बापाला म्हणाली, "बापू, करायचं तर ह्याच्याशी. आपल्या घराण्यात बाईचं ऐकणारा गडी अजून जन्मलेला नाही."

दौलतबापूंना वाक्य झोंबलं, पण लेक लाडकी होती. त्यांनी निरोप धाडला, बैठकीला या. सोबत हेही कळवलं, की दुसरं एक स्थळ हातात आहे, त्या बैठकीत सुपारी फुटली नाही तर पोरगी तिकडं देऊ.

मामा भाग्याला म्हणाले, "बैठकीला आपली मोटार घेऊन जायचं. दारात मोटार उभी राहिली की निम्मं लग्न जमतं. ती वाटेत बंद पडली, तर तुझं लग्न तिथंच बंद पडलं म्हणून समज."

भाग्यानं ते समजून घेतलं. आणि नेमकी त्याच आठवड्यात मोटार मिसिंग मारायला लागली. चढाला फुरफुर करायची, गचके द्यायची, मध्येच शिंकल्यासारखी करायची.

"मामा, प्लग गेले असतील. प्लग किती दिवसांनी बदलायचे असतात?" भाग्यानं विचारलं.

मामा तेव्हा पारावर बसले होते. पारावर गावातली जाणती मंडळी बसायची. जाणती म्हणजे ज्यांना दुपारी दुसरं काम नाही ती.

पोलीस पाटील शिदबा म्हणाले, "दिवाळीला. सगळं नवं दिवाळीलाच घ्यायचं असतं."

अंतू गुरुजी रिटायर झालेले मास्तर. ते म्हणाले, "माझी सायकल बघ. पंचवीस वर्षं झाली, एकदाही प्लग बदलला नाही."

सायकलला प्लग नसतो हे कुणी बोललं नाही. गुरुजींनी निम्म्या गावाला छड्या मारल्या होत्या. बोट अजून दुखत असलं की माणूस मान डोलावतोच.

मामा म्हणाले, "गाडी चालतीय न्हवं? मग झालं. चालतंय तोवर हात लावायचा न्हाई. बंद पडल्यावर बघू."

भाग्यानं मान हलवली आणि वाक्य डोक्यात बसवलं.

घरी आला. आई म्हणाली, "भाग्या, दूध तापत ठेवलंय, जरा बघ." भाग्या चुलीपुढं बसला. दूध चाललं होतं. आधी कडेनं, मग मधून, मग वर. मग पातेल्याबाहेर, मग चुलीत, मग आईच्या सारवलेल्या जमिनीवरून दाराकडे. भाग्यानं हात लावला नाही. शेवटी चूल विझली आणि दूध थांबलं. तेव्हा त्यानं हाक मारली, "आई, बंद पडलं. आता बघ."

यसाबाईनं कपाळावर हात मारला. "अरे मुडद्या, उतू जायची वाट बघत बसतात का? काही व्हायच्या आधी काढून घ्यायचं असतं."

"चुकलं," भाग्या म्हणाला. "आधी काढून घ्यायचं." मान हलवली, वाक्य बसवलं.

दुसऱ्या दिवशी मामांची मोटार भर उन्हात घाटात बंद पडली. मामा पोटाचा घेर सांभाळत फाट्यापर्यंत चालत आले. वाटेत त्यांनी भाग्याला, मोटारीला आणि पेट्रोलला शिव्या दिल्या. "बंद पडल्यावर बघू" कोण म्हणालं होतं, हे त्यांना आठवलं नाही. मोठ्या माणसांचा विसरभोळेपणा फार नेमका असतो.

फाट्यावर गुलाब मेस्त्रीचं गॅरेज होतं. पुढं पत्र्याची शेड, मागं भंगार ठेवायची पत्र्याची खोली, बाजूला मोटारी धुवायचा रॅम्प आणि मोठा पाइप. मेस्त्री साठीचा, तोंडात तंबाखू, त्यामुळे कमी बोलायचा. बोलला की ओरडायचाच. त्यानं चारही प्लग काढले आणि नवे कोरे बसवले. मोटार गुणगुणायला लागली. मामांनी मिशीवर हात फिरवला.

रात्र गेली, सकाळ झाली. मामांना पतसंस्थेच्या मीटिंगला जायचं होतं. कडक इस्त्रीचे कपडे, टोपी, अत्तर. येऊन मागं बसले. भाग्यानं किल्ली फिरवली. काही नाही. परत फिरवली. मोटार नुसती कण्हली.

"काय झालं रं?"

"प्लग नाहीत."

"कुठं गेले?"

"काढले. उकिरड्यावर टाकले."

"अरे काल बसवले न्हवं?"

"व्हय. म्हणूनच. चांगले होते तोवर काढून घेतले. उतू जायची वाट बघत बसतात का?"

मामांना काय बोलावं ते कळेना, म्हणून त्यांनी ओरडायला सुरुवात केली. मीटिंग तर गेलीच. सबंध सकाळ मामा, पांढऱ्या शुभ्र कपड्यांत, उकिरडा उपसत होते. एक प्लग कोंबडीखाली सापडला. ती तो उबवत होती. अक्कल त्या घरात कुणाकडेच फार नव्हती.

भाग्या प्लग घेऊन मेस्त्रीकडे गेला. म्हणाला, "मेस्त्री, एकदाच नीट सांगा. किती दिवसांनी बदलायचे?"

मेस्त्रीनं पिंक टाकली. "दिवसाचं काय घेऊन बसलास? पळण्यावर असतंय ते. गाडी किती पळाली ते बघायचं. हजारो किलोमीटर पळाल्याशिवाय नवा प्लग जात न्हाई. जागच्या जागी उभी असंल तर कशाला बदलतोस?"

"म्हणजे पळालं तर बदलायचं. नाही पळालं तर नाही बदलायचं."

"आता डोकं चाललं."

भाग्यानं मान हलवली, वाक्य बसवलं.

आता मामांचे थोरले भाऊ होते नाना. नाना बरेच दिवसांपासून अंथरुणाला खिळले होते. गुडघे गेले म्हणायचे. खाटेवर पडून चहा मागायचे, भजी मागायचे, सुनांच्या माहेराचा उद्धार करायचे. बैठकीची तयारी म्हणून मामी माहेरून दागिना आणायला गेली आणि यसाबाई तिच्यासोबत. जाताना मामी भाग्याला बजावून गेली, "नानांचं धोतर आणि चादर रोज बदलत जा."

मामी तिसऱ्या दिवशी परत आली ती अंगणातच थांबली. पदर नाकाला लावला. शेजारची कुत्री घर सोडून गेली होती.

"भाग्या, धोतर बदललं न्हाईस?"

"नाही."

"का?"

"नाना पळालेच नाहीत. जागच्या जागी आहेत. कशाला बदलायचं?"

नाना खाटेवरून ओरडत होते की हा पोरगा मला जिवंतपणी कुजवतोय. मामी म्हणाली, "ते मला काही ठाऊक न्हाई. आत्ताच्या आत्ता बदललं पाहिजे."

भाग्यानं विचार केला. बदललं तर पाहिजे. पळाल्याशिवाय तर बदलता येत नाही. त्यानं गोठ्यातला चाबूक आणला.

"नाना, पळा."

"अरे माझे गुडघे..."

भाग्यानं चाबूक हवेत नुसता फटकावला. आणि नाना उठले. अंगणाला फेरी, गोठ्याला फेरी, वेशीपर्यंत आणि परत. गुडघे असे चालत होते की शर्यतीच्या खोंडानं बघून शिकावं. सगळी आळी दारात आली. नाना परत येऊन उभे राहिले, दम लागला नव्हता. लागायला हवा हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं. मग ते खाली बसून कण्हले.

सुनांनी त्या दिवसापासून चहा दिला नाही. पण राग कुणी नानांवर काढला नाही. थोरल्यांचं ढोंग उघडं पडलं की मार धाकट्यालाच पडतो. मामांनी भाग्याला ओट्यावर उभं केलं आणि शेजारी मेस्त्रीला बोलावून घेतलं.

"ह्याला प्लगचं सगळं एकदाच सांग. उद्या बैठक हाय. सगळं सांग, काही ठेवू नको."

मेस्त्री ओरडून ओरडून सांगायला लागला. "नीट ऐक रं टोणग्या. गाडी गचके द्यायला लागली, पुढं सरंना, नुसती फुरफुर करायला लागली, की समजायचं प्लग काजळी धरून बसलेत. त्यांच्यात ठिणगी ऱ्हायली न्हाई. मग एकेक बदलायचा न्हाई. एक नवा घातला आणि तीन जुने ठेवले तर काही उपयोग न्हाई. चारही एकदम बदलायचे. नवे त्याच मापाचे बघायचे, मोठे बसत न्हाईत आणि बारके टिकत न्हाईत. कळलं?"

"कळलं. आणि जुने?"

"जुने फेकायचे न्हाईत. चांगले घासायचे, काजळी काढायची, धुवायचे, उन्हात वाळवायचे आणि पत्र्याच्या डब्यात बंद करून ठेवायचे. अडीनडीला लागतात."

मामा म्हणाले, "आणि एक. दर वेळी 'मामा, काय करू, मामा, काय करू' म्हणून इचारायला यायचं न्हाई. गचके बसले की कुणाला न इचारता करून मोकळं व्हायचं."

एवढं सगळं भाग्याला एका दमात कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्याला बरं वाटलं. त्यानं मान हलवली आणि सगळी वाक्यं एकेक करून डोक्यात बसवली.

दुसऱ्या दिवशी मोटार हिंगणाळ्याला निघाली. आत चौघं. पुढं रंगरावमामा, मागं नाना, पोलीस पाटील आणि गुरुजी. नानांचे गुडघे बैठकीपुरते बरे झाले होते. मोटार एकदाही शिंकली नाही. दारात उभी राहिली, पोरं गोळा झाली. मामा म्हणाले होते तसं निम्मं लग्न जमलं.

उरलेलं निम्मं ह्या चौघांच्या हातात होतं.

ओसरीवर सतरंजी टाकलेली. मधे पानाचं तबक, त्यात सुपारी. भाग्या खांबाला टेकून उभा. कावेरी आतल्या दारात, कडीला हात. दौलतबापू म्हणाले, "आम्हाला मुलगा पसंत, पोरीला पसंत. फोडा सुपारी."

"फोडू की," मामा म्हणाले. "पण लोड एकच कसा?"

"काय?"

"लोड. टेकायला. मुलाचे मामा आम्ही, लोड नानांना दिलाय."

नाना म्हणाले, "मी थोरला हाय." मामा म्हणाले, "मामा मी हाय." बापूंनी आतून दुसरा लोड आणला. मग पोलीस पाटील म्हणाले, आम्ही काय वाटेवरचे का? आणखी दोन लोड आले, ते शेजाऱ्याकडून आणले होते, म्हणून गुरुजींना ते उसने वाटले. लोड झाले. मग फेटा आधी कुणाला बांधायचा ते निघालं. मग पंगतीत पहिलं पान कुणाचं. मग नाना म्हणाले, लग्नात आहेराच्या वेळी माझं नाव माइकवर आधी घ्यायचं, रंगरावाचं मागून. मामा म्हणाले, मग मी येतच न्हाई. गुरुजींनी मानपान ह्या विषयावर बोलायला घेतलं आणि ते मूळ मुद्द्यावर यायच्या आधी चहा गार झाला.

सुपारी तबकात तशीच.

बापू दर वेळी म्हणायचे, "बरं, झालं, आता फोडा." की पुन्हा कुणीतरी खाकरायचं. बैठक चार पावलं जायची आणि थांबायची. पुन्हा जायची, पुन्हा थांबायची.

कावेरी दारातून हळूच म्हणाली, "अहो. बापूंच्या कपाळाची शीर दिसाय लागली. ती दिसली की ते उठत्यात. उठले की गेलं सगळं. काहीतरी करा."

काय करायचं ते भाग्याला कळेना. मामांना विचारावं असं मनात आलं. पण विचारायचं नाही असं मामांनीच सांगितलं होतं.

तेवढ्यात मामा ताडकन उठले. "असा अपमान आम्ही कुठं सोसला न्हाई. चला रं." बाकीचे तिघंही उठले. चौघं अंगणात गेले आणि मोटारीत जाऊन बसले. काचा खाली, माना वर, डोळे मिटलेले.

आपल्याकडे ही रीतच आहे. मुलाकडच्यांनी रुसून गाडीत बसायचं. मुलीकडच्यांनी हात जोडून न्यायला यायचं. मग ह्यांनी आढेवेढे घ्यायचे, एखादा जास्तीचा फेटा पदरात पाडायचा आणि परत येऊन शिरापुरी खायची. ह्यात पोरीच्या बापाचं रक्त आटतं, पण रीत ती रीत. ज्याचा बाप ह्यातून गेला तोसुद्धा म्हातारपणी गाडीत जाऊन बसतो.

बापू ह्या वेळी उठले नाहीत. कपाळाची शीर टरारली होती. ते म्हणाले, "बसू देत गाडीत."

भाग्या मोटारीपाशी गेला. आत बघितलं. चार जण, चार जागी, गच्च बसलेले. मामा नाकातून फुरफुर करत होते. गुरुजी शिंकले. नाना कण्हले. पोलीस पाटील दातओठ खात होते, पण बोलत नव्हते.

आणि भाग्याच्या डोक्यातली सगळी वाक्यं एकदम जागेवर बसली.

पुढं सरत नाही. गचके देतंय. नुसती फुरफुर चाललीय.

कुणाला न विचारता तो आत बसला आणि किल्ली फिरवली. मोटार निघाली. मामांनी डोळे उघडले नाहीत. त्यांना वाटलं, पोरगं हुशार झालं, सोयऱ्यांना भेव दाखवतंय. पोराबद्दल त्यांना चांगलं वाटलं ते आयुष्यात तेवढंच.

इकडं कावेरी दारातच खाली बसली. बापू म्हणाले, "गेले. जाऊ देत. त्या दुसऱ्या स्थळाला निरोप धाडा." कावेरी म्हणाली, "जरा थांबा. त्यांना मी काहीतरी करा म्हटलंय. ते करणार." बापूंनी पायात चप्पल घातली, काढली, पुन्हा घातली.

जेवणाची वेळ टळली तेव्हा मोटार परत आली. दारं उघडली. चौघं उतरले.

एक मामांएवढा जाड. एक नानांसारखा वाकलेला. एक पोलीस पाटलाच्या उंचीचा, मिशासुद्धा तेवढ्याच. एक गुरुजींसारखा काटकुळा, मान पुढं आलेली. चौघांच्या डोक्याला फेटे, अंगात लाल कोट, त्यावर सोनेरी दोऱ्या. जाड्याच्या गळ्यात ढोल होता. काटकुळ्याच्या हातात क्लॅरिनेट.

"हे कोण?" बापूंनी विचारलं.

"नवे," भाग्या म्हणाला.

फाट्यावर बँडवाल्यांचा टेम्पो गॅरेजात अडकला होता. मेस्त्री पार्ट आणायला तालुक्याला गेलेला. सकाळपासून चौघं चहावर होते. भाग्यानं त्यांना उभं करून माप घेतलं आणि विचारलं, "बसायला येता का? बसायचं, आणि ठिणगी द्यायची." ते म्हणाले, "जेवण हाय का?" भाग्या म्हणाला, "शिरापुरी." ते मोटारीत चढले.

आता चौघं सतरंजीवर बसले. लोडाकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

बापूंनी पायातली चप्पल काढली. बैठक मोडली हे उद्या गावभर होणार होतं. आणि समोर तर चार माणसं बसली होती. ते चाचपडत म्हणाले, "फेट्याचं काय म्हणणं?"

जाड्या म्हणाला, "आम्ही बांधूनच आलोय."

"पहिलं पान कुणाचं?"

"कुणाचंबी वाढा. लवकर वाढा."

"आणि माइकवर नाव?"

काटकुळा म्हणाला, "नाव कशाला पुकारताय दादा, आम्ही वाजवू."

बापूंची शीर बसली. वर्षानुवर्षं बैठकींना बसलेला माणूस, असं सरळ बोलणं त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी सुपारी जाड्याच्या हातात दिली. जाड्यानं ती पाटावर ठेवून ढोलाच्या काठीनं एका दणक्यात फोडली. क्लॅरिनेट वाजलं. आया-बाया हसत बाहेर आल्या. कावेरीनं डोळे पुसले आणि पुऱ्यांची परात उचलली.

जेवणं झाली. सगळ्यांची पोटं भरली, हसणं ओसरलं, तेव्हा कुठं बापूंना आठवलं.

"भागुजी," ते म्हणाले, "पहिल्या चौघांचं काय केलंत? फेकून दिलं का काय?"

"छे," भाग्या म्हणाला. त्याला वाईट वाटलं. "फेकायचे नसतात. गॅरेजच्या रॅम्पवर घेतले. काथ्यानं घासले. काजळी फार होती, मामांची तर मानेखालीच निघत नव्हती. मग मोठ्या पाइपनं धुतले. पत्र्यावर उन्हात वाळवले. नाना पळत होते, त्यांना परत परत आणून वाळवायला लागलं. आणि मग भंगाराच्या पत्र्याच्या खोलीत घालून कडी लावली. अडीनडीला लागतात."

बापूंनी कसंबसं विचारलं, "अहो, मग जा की, काढा त्यांना."

भाग्यानं ओसरीवर नजर फिरवली. सुपारी फुटलेली. बँड वाजतोय. कावेरी हसतीय. गचका कुठं नाही.

"आता कशाला?" तो म्हणाला. "मामांनी सांगितलंय. चालतंय तोवर हात लावायचा न्हाई. बंद पडल्यावर बघू."